अडून बसलेली चकती
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिही, असे मराठीच्या सरांनी सांगितले, तेव्हा मी दोन्ही हात ओढणीखाली लपवले होते. नखांच्या कडांत ग्रीस बसले होते. साबण, राख, लिंबाची साल असे सगळे उपाय करूनही तीन दिवसांत ते गेले नव्हते. कविता मला करता येत नाही. प्रवासवर्णन लिहावे, तर माझा प्रवास घर ते कॉलेज एवढाच. तेव्हा ज्या कामाने हात काळे झाले, त्याच कामाविषयी लिहायचे ठरवले. मोटारीच्या ब्रेकची चकती गंजून चाकाच्या हबला चिकटून बसली, तर ती घरच्या घरी कशी सोडवावी, हा या लेखाचा विषय आहे. कलाशाखेच्या मुलीने हा विषय घ्यावा याचे काहींना हसू येईल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता मोटार उभी असते आणि ती थांबते कशी, हे आपल्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असणे विज्ञानशाखेचा मक्ता नव्हे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई चौथीपर्यंत शिकली, बाबा सातवीला थांबले. पूर्वी ते ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. आता आमची स्वतःची एक जुनी व्हॅन आहे आणि तिच्यावरच घर चालते. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो तो किनाऱ्याच्या वाळूतच. होड्या पाण्यात उभ्या राहतात, बैलगाड्या लाटांत शिरून मासळी काठावर आणतात आणि तिथेच बोली लागते. बोलीत माल घेतलेल्या बायका आपापल्या पाट्या घेऊन बाबांच्या गाडीत बसतात. मग आसूदची चढण चढून गाडी दापोलीला येते. परतताना तीच चढण उतार होते. गाडीत सात-आठ माणसे, रिकाम्या पाट्या, आणि घरी वाट पाहणारी त्यांची पोरे. सारा भरवसा बाबांच्या उजव्या पायाखालच्या पेडलवर असतो.

पावसाळ्यात जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या शाकारल्या जातात, बंदर ओस पडते आणि आमची गाडीही अंगणात माडाखाली उभी राहते. गेल्या पावसाळ्यात ती जवळजवळ हललीच नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बाबांनी ती बाहेर काढली. पहिल्याच उतारावर ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले आणि पुढच्या चाकांतून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. घरी आल्यावर बाबा आईला एवढेच म्हणाले, "उद्या गाडी काढत नाही." हंगामाच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी गाडी काढू नये, याचा अर्थ आईला आणि मला बरोबर कळला.

गॅरेजात न्यावी, तर तिथे आधीच रांग होती. सगळ्यांच्याच गाड्या पावसाळ्यानंतर आजारी पडलेल्या. शिवाय माझी फी नुकतीच भरून झाली होती. नव्या चकत्या आणि नवे पॅड यांचे पैसे कसेबसे निघणार होते, मजुरीचे निघणार नव्हते. बाबांचा उजवा खांदा गेली दोन वर्षे धरलेला आहे. तेव्हा ते मला म्हणाले, "बाय, सुट्टी आहे ना गो? जरा हाताखाली ये." अशी मी या कामात शिरले.

आधी ब्रेक म्हणजे काय, ते पाहू. चाकामागे जो फिरणारा लोखंडी भाग असतो त्याला हब म्हणतात. हबमधून स्टड बाहेर आलेले असतात आणि चाकाचे नट त्यांच्यावरच बसतात. हब आणि चाक यांच्या मधोमध एक जाड चकती बसवलेली असते. गॅरेजात तिला डिस्क म्हणतात. तिचा मधला भाग टोपीसारखा उंच असतो. तो हबवर चपखल बसतो आणि बाहेरची सपाट कडा चाकाबरोबर फिरत राहते. या कडेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे यंत्र म्हणजे कॅलिपर. पेडल दाबले की नळीतले ब्रेक ऑइल कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलते, पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन पॅड चकतीला आवळतात. फिरत्या भोवऱ्याला दोन बोटांत धरून थांबवावे, तसेच हे आहे.

थांबलेल्या गाडीचा वेग कुठे जातो? तो उष्णता होतो. माणसांसकट १,३०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा असते. एकदा ब्रेक लावून गाडी पूर्ण थांबवली की एवढ्या उष्णतेत अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी उकळीला येईल. म्हणजे गाडीतल्या सगळ्यांचा नाही, तरी पाच-सहा जणींचा चहा होईल. वेग दुप्पट झाला, तर ही ऊर्जा चौपट होते. उताराचा हिशेब तर वेगळाच आहे. तीच गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आली आणि सगळा भार ब्रेकनेच पेलला, तर जवळजवळ चार लिटर पाणी उकळेल. म्हणूनच जाणते ड्रायव्हर घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात आणि निम्मे काम इंजिनाकडून करून घेतात.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकतीच्या ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले. परंतु त्यांनी वापरलेले तांब्याचे पॅड फार लवकर झिजत. तिचे दिवस आले ते १९५३ साली. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्या वर्षी जॅग्वार कंपनीच्या ज्या गाडीने जिंकली, तिला चकतीचे ब्रेक होते. पुढे १९५५ साली सिट्रोएन कंपनीने सर्वसामान्य ग्राहकांसाठी काढलेल्या डी. एस. या गाडीला पुढच्या चाकांना असे ब्रेक दिले. हळूहळू ते सगळीकडे पसरले आणि शेवटी आमच्या अंगणातल्या माडाखाली आले.

आता गंजाकडे वळू. ही चकती बिडाची असते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्या घरोघरी घावन घालायला बिडाचा तवा असतो, त्याचीच ही बहीण. तव्याचे सगळे गुणदोष हिच्यात आहेत. ती उष्णता छान पेलते, स्वस्त पडते आणि ओतायला सोपी असते. पण बिडाचा तवा हातून फरशीवर पडला तर फुटतो, आणि तेलाचा हात न लावता ओला ठेवला तर एका रात्रीत तांबूस होतो. चकतीला तेलाचा हात लावायची सोय नाही. तेल लागले, तर ब्रेकच लागणार नाही. ती बिचारी जन्मभर उघडीच असते.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते, कारण खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतात. आमची गाडी रोज समुद्राच्या ओल्या वाळूत उभी राहणारी, वर मासळीच्या पाट्यांतून गळणारे खारे पाणी. म्हणजे गंजाला सांगून आमंत्रणच. अ‍ॅल्युमिनिअमवरही हवेने थर चढतो, पण तो घट्ट असतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. गंज मात्र भुसभुशीत. तो ओल धरून ठेवतो आणि आणखी खोल शिरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दिल्लीचा मेहरौली येथील लोहस्तंभ आठवेल. सुमारे सोळाशे वर्षे तो उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्यामुळे त्यावर एक पातळ, घट्ट थर बनला आणि त्यानेच त्याला राखले, असे कानपूरच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यास करून मांडले. आमच्या चकतीच्या नशिबी असा थर नव्हता.

गंजाचा आणखी एक दुर्गुण आहे आणि चकती अडते ती त्याच्यामुळेच. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. उघड्या पृष्ठभागावर त्याचे काही बिघडत नाही. चकतीच्या सपाट कडेवर एका रात्रीत आलेला गंज सकाळी चार वेळा ब्रेक लावला की पुसून जातो. पण चकतीची टोपी आणि हब यांच्या फटीत जो गंज होतो, त्याला फुगायला जागाच नसते. तो दोन्हींना आतून रेटतो आणि पाचरीसारखा बसतो. दरवाजा पावसाळ्यात फुगून चौकटीत अडतो ना, तसे हे. बाहेरून चकती कुणीच धरून ठेवलेली नसते. चाकाचे नट तर आधीच निघालेले असतात. तरी ती हलत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट म्हणजे गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी आणि जी चाके उचलायची नाहीत त्यांच्या पुढे-मागे दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नाही. गॅरेजातल्यासारखी लोखंडी घोडी चासीखाली लावून तिच्यावर गाडी टेकवावी. बाबांनी एक घोडी मागून आणली होती आणि काढलेले चाक तेवढे आडवे करून गाडीखाली सरकवून ठेवले होते. "घोडी सरकली, तर गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही," ते म्हणाले. ही शहाणीव कुठल्याही पुस्तकापेक्षा त्यांच्या क्लीनरकीच्या दिवसांनी त्यांना दिली आहे.

चाक निघाल्यावर ब्रेकची काळी भुकटी दिसते. ती फुंकू नये, हवेने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. मग कॅलिपर त्याच्या पकडीसह मागच्या दोन बोल्टांतून सोडवावा. सुटलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. आतून नळी फाटली, तर बाहेरून कळत नाही आणि ते कळते ते उतारावर. आम्ही तो तारेने वरच्या स्प्रिंगला बांधला. काही गाड्यांत चकतीला एखादा छोटा स्क्रू असतो, तो आधी शोधून काढावा. काहींची चकती हबच्या मागून बसवलेली असते आणि ती घरी निघत नाही. मागच्या चकतीत हँडब्रेकचे लायनर असले, तर ते आधी सैल करावे लागतात. आमची चकती साधी, पुढून बसणारी होती. सगळे सोडवून झाले. आता ती नुसती ओढली की यायला हवी होती. ती जागची हलली नाही.

बाबांनी हातोडी घेतली. ट्रकला पूर्वी चकती नसे, ड्रम असे. आणि ड्रम अडला की त्याच्यावर घण, ही त्यांची शाळा. त्यांनी कडेवर मागून ठोकायला सुरुवात केली. मी बॅटरी धरून शेजारी उकिडवी बसले होते. पाच, दहा, वीस घाव झाले. चकतीने दाद दिली नाही. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "अजून जोरात हाणा." बाबांनी डाव्या हाताने जोरात हाणले, आणि काहीतरी सणकन उडाले. बाबांनी गालावर हात दाबला. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर, रक्त आले होते. चकतीच्या कडेची कपची उडाली होती. बीड वाकत नाही, फुटते.

जखम छोटी होती. पण बोटभर वर लागली असती तर, हा विचार आम्हा दोघांनाही एकाच वेळी आला असावा. आईने हळद आणली. मी हातोडी उचलून पडवीत नेऊन ठेवली. बाबा काही बोलले नाहीत.

हातोडीचे नुकसान एवढेच नाही. प्रत्येक घाव हबमधून बेअरिंगपर्यंत पोचतो. त्यातल्या गोळ्या आणि त्यांची गुळगुळीत वाट यांना खळगे पडतात, आणि ब्रेकचे काम करता करता बेअरिंगचे काम निघते. चकती परत वापरायची असेल, तर तिच्यावर घाव घालूच नये. अगदीच वेळ आली, तर टोपीवर, स्टडांच्या मधल्या जागी, लाकडी ठोकळा ठेवून त्यावर मारावे. डोळ्यांना चष्मा हवाच. चिकटलेला भाग ज्योतीने तापवण्याचा उपायही काही जण सांगतात. तो घरी करू नये. जवळच बेअरिंगचे ग्रीस असते, रबरी नळी असते आणि पेट घेणारे ब्रेक ऑइल असते.

संध्याकाळी मी चकती पुसत बसले होते, तेव्हा टोपीवर समोरासमोर दोन भोके दिसली. चार स्टडांना चार भोके होती, ती कळत होती. ही दोन कशाला?

"ती हवा खेळायला असतात," बाबा म्हणाले.

मी खिळ्याने एका भोकातला गंज उकरला आणि करंगळी आत घातली. बोटाला आटे लागले. सर वर्गात नेहमी सांगतात की चांगल्या कवितेत एकही शब्द उगाच आलेला नसतो. मला वाटले, लोखंडात कष्टाने पाडलेले आटे तरी उगाच कशाला असतील?

"बाबा, हवेला आटे कशाला लागतील?"

बाबांनी स्वतःचे बोट घालून पाहिले. मग ते उठले, आतून बोल्टांचा डबा आणला आणि एकेक बोल्ट लावून पाहू लागले. आठ एमएम जाडीचा एक बोल्ट हाताने सहज फिरत आत गेला. थोडा आत जाऊन टेकला. भोकाच्या मागे भोक नव्हते, हबची सपाट भिंत होती. बोल्ट आणखी फिरवला, तर त्याला पुढे जायला जागा नाही. मग मागे यावे लागेल ते चकतीलाच. कारखान्यात ज्याने ही चकती आखली, त्याने ती एक दिवस अडणार हे ओळखून तिच्यातच तिचे औषध ठेवले होते. बाबा बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. "वीस वर्षं ही भोकं बघतोय," एवढेच ते म्हणाले.

या साध्या बोल्टात केवढे बळ असते, ते पाहा. या जाडीच्या नेहमीच्या बोल्टाचे दोन आटे एकमेकांपासून सव्वा मिलिमीटरवर असतात. म्हणजे पाना पूर्ण एक फेरा फिरवला, की बोल्ट सव्वा मिलिमीटर पुढे सरकतो. पाना १५ सेंटिमीटर लांब धरला, तर तेवढ्यात आपला हात सुमारे ९४ सेंटिमीटर फिरतो. हाताने साडेसातशे पट अंतर कापले, तेव्हा बोल्ट एवढासा हलला. अंतरात जे गमावले, ते जोरात मिळते. त्यातला बराचसा वाटा घर्षण खाते, हे खरे. तरीही हाताने दहा किलोचा जोर दिला, तर बोल्टाच्या टोकाशी शेकडो किलोंचा रेटा उरतो. शिवाय तो घावासारखा क्षणभराचा नसतो. तो सरळ, शांत आणि सतत लागून राहणारा असतो.

रात्री आम्ही गंज सोडवणारे पातळ तेल हबच्या मधल्या गोलाभोवती, स्टडांच्या मुळाशी आणि त्या दोन भोकांत सोडले. तेल थेंबाथेंबाने सोडावे, भसाभसा नव्हे, आणि चकतीच्या सपाट कडेवर जाऊ देऊ नये. मग काम सोडून झोपावे. फटीत शिरायला तेलाला वेळ लागतो आणि घाईत असलेल्या माणसाला हीच पायरी जड जाते. दुसऱ्या बाजूचे चाक काढून तिथेही तसेच तेल घातले.

सकाळी आधी चाकाचे दोन नट स्टडांवर चार-पाच आटे सैल असे लावून ठेवले. चकती एकदम सुटली, तर ती पायावर पडू नये म्हणून. मग दोन भोकांत दोन बोल्ट, त्यांच्या आट्यांना थोडे तेल. बारा-तेराचा पाना मी हातात घेतला. एक बोल्ट पाव फेरा, मग दुसरा पाव फेरा, पुन्हा पहिला. एकच बोल्ट आवळत गेलो, तर चकती तिरकी होऊन आणखी अडते. तिसऱ्या-चौथ्या पाळीला बोल्ट फार जड लागू लागले. इथे मन आवरावे लागते. आणखी ताकद लावली, तर आटे झडतात किंवा बोल्ट तुटतो आणि तुटलेला तुकडा भोकातच राहतो. मी थांबले. बाबांनी ठोकळा ठेवून टोपीवर दोन हलके टोले दिले, आणखी तेल सोडले. आम्ही चहा घेतला. परत येऊन पाव फेरा दिला, तोच आतून 'टक्' असा आवाज आला. चकती केसभर पुढे आली होती. पुढे पाच मिनिटांत ती हातात होती. उजव्या बाजूची चकती, जिला हातोडी लागलीच नव्हती, ती तर पंधरा मिनिटांत निघाली.

काढलेल्या चकतीच्या कडेवर इंग्रजी अक्षरे आणि एक आकडा कोरलेला होता. बाबांनी विचारले, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले. किमान जाडी किती असावी, हे तिथे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. त्याहून पातळ झालेली चकती वापरू नये. आमच्या दोन्ही चकत्या त्या खाली गेल्या होत्या, शिवाय दोन महिने जिथे पॅड टेकून राहिले होते तिथे गंजाने खड्डे पाडले होते. थरथर होती ती त्याचीच. चकत्या नेहमी जोडीने बदलाव्यात. एकाच बाजूची बदलली, तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढली जाते.

नवी चकती बसवण्यापूर्वी हब घासून स्वच्छ करणे हे अर्धे काम आहे. तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने आम्ही हबचा चेहरा चकचकीत केला. केसाच्या जाडीएवढी गंजाची खपली तिथे राहिली, तरी चकती तेवढी तिरकी बसते. बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा वाढतो आणि नव्या चकतीलाही थरथर लागते. मधल्या गोलावर तांबेमिश्रित ग्रीसचे नुसते बोट फिरवावे, म्हणजे पुढच्या वेळी ती अशी चिकटत नाही. नव्या चकतीवर गंजू नये म्हणून तेल लावलेले असते. ते साबणाच्या पाण्याने धुऊन चकती कोरडी करावी. मग नवे पॅड. ते जाड असल्यामुळे कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्या वेळी वरच्या डबीतले ब्रेक ऑइल चढते, ते सांडू देऊ नये, कारण त्याने रंग निघतो. शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. सगळे बसवून गाडी खाली उतरवली, तेव्हा दुपार कलली होती आणि आम्ही दोघे खुशीत होतो. बाबा गाडीत बसले, इंजिन चालू केले. आमचे अंगण रस्त्याकडे उतरते आणि फाटकापाशी शेजारची पोरे खेळत होती. मी मागच्या चाकाजवळचे दगड काढायला वाकले, इतक्यात बाबांनी हाक मारली, "थांब!" त्यांनी पेडल दाबले होते आणि ते काही न अडवता तळाला गेले होते. ब्रेक नव्हतेच.

दगड जागेवर होते म्हणून निभावले. कारण साधे होते. पिस्टन मी मागे ढकलले होते. पॅड आणि चकती यांच्यात अंतर राहिले होते, आणि पेडल दोन-चार वेळा दाबून पिस्टन पुढे आणल्याशिवाय ब्रेक लागणार नव्हते. बाबांनी हळूहळू पेडल दाबले. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते टणक झाले. तेव्हा हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण दगड काढण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत दाबा आणि डबीतल्या ऑइलची पातळी पाहा.

पहिले काही दिवस ब्रेक बेताने वापरायचे असतात, म्हणजे पॅड आणि चकती एकमेकींना सरावतात. बाबांनी मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन, थोडा कमी करून, पुन्हा घेऊन असे आठ-दहा वेळा केले. मगच ते आसूदच्या उतारावर गेले. पहिल्या फेरीला गाडीत कुणी नव्हते. मी बसते म्हटले, तर त्यांनी बसू दिले नाही.

आता दर वर्षी मे अखेरीस, बंदी सुरू होण्यापूर्वी, चाके काढून हब पाहायचे आम्ही ठरवले आहे. वाळूतून आल्यावर चाकांच्या आतल्या बाजूवर गोडे पाणी मारायचे. पावसाळ्यात गाडी हँडब्रेकवर न ठेवता गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवायची आणि आठवड्यातून एकदा तरी चार पावले चालवायची. यात खर्च काहीच नाही.

त्या दोन बोल्टांना बाबांनी ग्रीस लावले आणि तंबाखूच्या एका जुन्या डबीत घातले. डबी गाडीच्या कप्प्यात ठेवण्यापूर्वी त्यांनी ती माझ्याकडे दिली.

"हिच्यावर लिही."

"काय लिहू?"

"चकती काढायचे, असं लिही. आणि तारीख घाल." मग थोडे थांबून म्हणाले, "मराठीत लिही गो. मला वाचता आलं पाहिजे."